ट्रॅक डेसाठी टायर घेताना आधी उष्णतेचा हिशेब करा

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागेत, गाडी आणून इंजिन बंद केलं की मी आधी पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसतो. ही सवय मला इरुंगाट्टुकोट्टैला लागली, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ट्रॅकवर, माझ्या पहिल्याच ट्रॅक डेला. दुसरं सेशन संपवून आलो, टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग संपून बाजू सुरू होते त्या कडेवरून, बोट फिरवलं, तर रबराच्या वळ्या हाताला लागल्या. पोळ्या झाल्यावर परात चोळली की सुकलेल्या कणकेच्या निघतात, तशा. सकाळी खाचेची कड चौकोनी होती. आता ती एकीकडून गोलसर आणि दुसरीकडून धार लावल्यासारखी झाली होती. एका जागी नखाएवढा तुकडाच निघून गेला होता. टायर नवेकोरे, पुण्याहून निघायच्या आठवडाभर आधी खास या दिवसासाठी घातलेले.

शेजारी कोल्हापूरचा एक जण त्याची बरीच जुनी हॅचबॅक घेऊन आला होता. तो वाकून बघत म्हणाला, "भावा, नवं हाईत म्हणूनच असं झालंय. जुनं आणायचंस की."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पण कमी पैशात ट्रॅक डे करायचा असेल तर त्या एका वाक्यात निम्मं शास्त्र आहे, आणि ते सगळं उष्णतेचं शास्त्र आहे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. आपलीच, नंबरप्लेट असलेली, रोज ऑफिसला नेतो ती गाडी बंद ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या सेशन्समध्ये मनापासून चालवायची. हेल्मेट घालायचं, ब्रीफिंग ऐकायचं, झेंड्यांचा अर्थ पाठ करायचा, बस. आपल्याकडे त्यासाठी मोजक्या जागा आहेत. चेन्नईजवळचा हा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइम्बतूरचा छोटा कारी, आणि ग्रेटर नोएडाचा ५.१ किलोमीटरचा बुद्ध. पुण्या-मुंबईच्या माणसाला यांतला कुठलाच जवळ नाही. इरुंगाट्टुकोट्टैला जायचं तर कात्रजच्या पुढे एकच महामार्ग, ४८ नंबरचा, कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर करत थेट ट्रॅकच्या जवळ आणून सोडतो. पण एका बाजूचा हा रस्ता साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या टायरला दोन अगदी वेगळी कामं करायची आहेत: दोन-अडीच हजार किलोमीटर महामार्गावर, खड्ड्यांतून, पावसातून सुखरूप न्यायचं, आणि मधल्या एका दिवसात पाच-सहा वेळा भट्टीत बसायचं. परदेशातले सल्ले वाचून टायर निवडताना हा फरक हमखास विसरला जातो. तिथले बरेच लोक तासाभरात ट्रॅकवर पोहोचतात.

आता उष्णतेकडे वळू. टायर रस्त्याला धरतो तो दोन प्रकारे. एक, रबर डांबराला अक्षरशः चिकटतं. दोन, डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर रबर दबतं आणि परत मूळ आकारात येतं, पण लगेच नाही, जरा रेंगाळत येतं. या रेंगाळण्यात जी शक्ती खर्ची पडते तीच पकड म्हणून आपल्याला मिळते, आणि तिचीच उष्णता होते. म्हणजे पकड आणि ताप ही एकाच घटनेची दोन रूपं आहेत. पकड पाहिजे आणि टायर तापायला नको, असं होत नाही. कंपनीतून गाडीबरोबर येणारे टायर बहुतेकदा अॅव्हरेज वाढवण्यासाठी निवडलेले असतात, म्हणजे त्यांतून हा रेंगाळण्याचा खर्चच कमी केलेला असतो. रस्त्यावर ते उत्तम. ट्रॅकवर ते आधी घसरतात आणि मग घसरण्यानेच तापतात, जो सगळ्यात वाईट प्रकारचा ताप आहे.

प्रत्येक रबराची एक मनाजोगती तापमानाची पट्टी असते. रोजच्या टायरला सकाळच्या गार रस्त्यावरही लगेच पकड द्यावी लागते, म्हणून त्याची पट्टी खाली असते. ट्रॅकसाठीच्या टायरची पट्टी साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात. रोजचा टायर तिथे पोहोचला की तो तुपासारखा सैल पडतो. स्टीअरिंग हलकं वाटायला लागतं, गाडी वळायच्या ऐवजी पुढे सरकते, टायर किंचाळण्याऐवजी घोगरा आवाज काढतो. उलट, ट्रॅकचा टायर गारठ्यात दगडासारखा असतो. चेन्नईत गारठा नसतो, पण लोणावळ्याला पहाटे असतो.

मग माझे नवे टायर का फाटले? नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोल खाचा असतात. या खाचांमुळे टायरचा पृष्ठभाग वेगवेगळ्या ठोकळ्यांत विभागलेला असतो. ठोकळा जितका उंच, तितका तो वळणावर वाकतो. टेबलावर खोडरबर उभं धरून बाजूला ढकलून बघा, मग तेच आडवं ठेवून ढकला. उभं खोडरबर वाकतं, थरथरतं, कड झिजवतं. टायरच्या प्रत्येक ठोकळ्याचं वळणावर हेच होतं, दर फेरीला, दर सेकंदाला कित्येकदा. हे आतल्या आत वाकणं म्हणजे आणखी उष्णता. खोल खाचांचा नवा टायर म्हणूनच लवकर तापतो आणि ठोकळ्यांच्या कडा फाटून निघतात. तोच टायर झिजून चार मिलिमीटरवर आला की ठोकळे बुटके आणि ताठ होतात, कमी तापतात, आणि स्टीअरिंगही जास्त नेमकं होतं. अमेरिकेत काही जण नवे टायर मशिनवर मुद्दाम तासून घेतात, ते याचसाठी. आपल्याला तासायची गरज नाही. घराच्या गॅलरीत निम्मे झिजलेले टायर पडलेले असतात, ते भंगारात देऊ नका.

पहिल्या दोन-तीन ट्रॅक डेला माझा सल्ला म्हणून अगदी साधा आहे. नवं काही घेऊ नका. तुमचे आत्ताचे टायर चांगल्या कंपनीचे असतील, चार-साडेचार मिलिमीटर खाच शिल्लक असेल, कुठे फुगा, चीर, पंक्चरचा खांद्याजवळचा जोड नसेल आणि ते फार जुने नसतील, तर तेच घेऊन जा. कमी पकड असलेला टायर शिकवतो जास्त. तो घसरायच्या आधी बोलतो, हळूहळू सुटतो, चूक लगेच दाखवतो. चिकट टायर बऱ्याच चुका पोटात घालतो आणि मग खूप जास्त वेगाला एकदम सोडतो. रिमोल्ड केलेला टायर मात्र ट्रॅकवर कधीही नको. चिकटवलेला थर त्या उष्णतेत सुटू शकतो.

जुना म्हणजे किती जुना, हे टायरवरच लिहिलेलं असतं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. ही ओळ अनेकदा टायरच्या एकाच बाजूला पूर्ण छापलेली असते आणि ती बाजू आत बसवली की दिसत नाही. मला एका दुकानात "फ्रेश माल" म्हणून चार टायर मिळाले होते. घरी आल्यावर गाडीखाली मोबाइल धरून फोटो काढला, तर दोन टायर चार वर्षांपूर्वीचे निघाले. न वापरलेलं रबरही वयाबरोबर कडक होत जातं. आता मी टायर रिमवर चढवायच्या आधी चारही आकडे स्वतः वाचतो आणि मगच पैसे देतो.

आता समजा तुम्ही तीन-चार ट्रॅक डे केलेत, जुने टायर संपले, आणि खरंच नवा सेट घ्यायचाय. तेव्हा ट्रेडवेअर हा आकडा तुमच्या कानावर पडेल. टायरवर ८०, २००, ३२० असं काही छापलेलं असतं. ही अमेरिकी पद्धत आहे. टेक्ससमध्ये सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा एकूण ११,६०० किलोमीटरच्या आसपास फिरवतात आणि एका संदर्भ टायरच्या झिजेशी तुलना करतात. संदर्भ टायरला १०० धरलं, तर २००चा टायर दुप्पट टिकावा. आकडा जितका लहान, तितकं रबर मऊ, असा ढोबळ अंदाज यातून निघतो. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हा उत्तम रस्त्याचा स्पोर्ट्स टायर ३२०चा. योकोहामा अॅडव्हान ए०५२ हा २००चा. टोयो आर८८८आर १००च्या आसपास, आणि तैवानच्या नानकांगचा एआर-१, जो युरोपात कमी बजेटवाल्यांचा आवडता आहे, तो ८०चा.

पण या आकड्यावर फार विसंबू नका. तो कंपनी स्वतःच ठरवून छापते. अमेरिकेतल्या बऱ्याच हौशी स्पर्धांमध्ये २०० किंवा त्याहून जास्तच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे अतिशय चिकट टायरवरही नेमका २०० छापलेला सापडतो. एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. शेजारी जी तापमानाची श्रेणी असते, ए, बी, सी, ती प्रयोगशाळेतल्या फिरत्या ड्रमवर सरळ पळवून काढलेली असते. वळणावर खांद्याला बसणारा ताप त्यात कुठेच नाही. आपल्याला नेमकं जे जाणून घ्यायचंय ते या छापील आकड्यांत मोजलेलंच नसतं, म्हणून तशीच गाडी, तोच साइज आणि तोच ट्रॅक असलेल्या माणसाचा अनुभव मी जास्त मानतो.

भारतात आणखी एक गोष्ट. जून २०२०मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीवर बंधन आणलं, त्यासाठी परवाना लागतो. शिवाय आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयची खूण बंधनकारक आहे. त्यामुळे परदेशी व्हिडिओत पाहिलेला टायर आपल्या साइजमध्ये, ताज्या तारखेचा, वाजवी भावात मिळेलच असं नाही. कुणी कुठून तरी आणून देतो म्हणाला तर खूण, तारीख आणि बिल तिन्ही बघा. माझ्या मते आपल्याकडे खिशाला परवडणारी खरी निवड ही दुकानात सहज मिळणाऱ्या रस्त्याच्या स्पोर्ट्स टायरचीच आहे. तो ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या छान देतो, मग सैल पडतो, एक फेरी हळू घेतली की परत येतो. आणि संध्याकाळी तोच टायर तुम्हाला वेल्लोरच्या पावसातून बाहेर काढतो.

हे पावसाचं मी उगाच म्हणत नाही. पुण्यातला पाऊस संपला म्हणून आपण ऑक्टोबरात निर्धास्त निघतो, आणि चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मोठ्या पावसाचा काळ. अर्ध-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीच्या जवळजवळ गुळगुळीत टायरला खाचा मोजक्या आणि उथळ असतात. पाणी बाहेर फेकायला वाटच कमी. साचलेल्या पाण्यावर असा टायर महामार्गाच्या साध्या वेगालाही तरंगायला लागतो, तेव्हा स्टीअरिंग हातात नुसतं फिरतं. असे टायर घ्यायचेच असतील तर ते वेगळ्या रिमवर चढवून, मागची सीट पाडून, गाडीत घालून न्या आणि ट्रॅकवर बदला. पंधरा इंची चार चाकं हॅचबॅकमध्ये बसतात. नट आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, न्या, आणि पहिल्या सेशननंतर नट परत तपासा.

पैशांचा हिशेबही दर ट्रॅक डेला किती पडतात असा करावा. समजा एक टायर ७,००० रुपयांचा आहे आणि तो रस्ता धरून सहा ट्रॅक डे देतो. दुसरा १४,०००चा आहे आणि तीन देतो. चारही टायर धरले तर पहिला दर दिवसाला साडेचार हजारांच्या जरा वर पडतो, दुसरा साडेअठरा हजारांच्या वर. दुप्पट किमतीचा टायर चौपट महाग पडला. आकडे तुमच्या गाडीचे घाला, पण भागाकार करा. इथेच साइजचा प्रश्न येतो. दिसायला बरं म्हणून सतरा-अठरा इंची रिम घातली की प्रत्येक टायर महागतो, चाक जड होतं आणि मिळत मात्र थोडंच. कंपनीच्या साइजला धरून राहा, फार तर एक पाऊल. १९५/५५ आर १६च्या जागी २०५/५० आर १६ घातला तर चाकाचा व्यास ६२१वरून ६११ मिलिमीटरवर येतो, दीड टक्का कमी. हे चालतं. साइजच्या पुढचा भार निर्देशांक, ८७ म्हणजे ५४५ किलो, आणि वेगाचं अक्षर, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, हे मूळ टायरपेक्षा खाली कधीही नेऊ नका.

योग्य टायर घेऊनही लोक त्याची वाट लावतात ती हवेमुळे. सकाळी ३० अंशाला ३२ पीएसआय हवा भरली आणि सेशनमध्ये आतली हवा ७५ अंशांपर्यंत तापली, तर दाब जवळजवळ ३९वर जातो. हवा कोंडलेली आहे, ती जाणार कुठे? दाब वाढला की टायर फुगून मधोमध टेकतो, जमिनीला लागलेलं रबर कमी होतं, आणि उरलेल्या रबरावर सगळा भार पडून ते आणखी तापतं. म्हणून ट्रॅकवर दाब मोजायचा तो गरम टायरचा, पिटमध्ये आल्या आल्या, मिनिटाभरात. आपल्या स्वतःच्या गेजने, कारण दर पंपाचं गेज वेगळं बोलतं. माझ्या पुढून ओढणाऱ्या हॅचबॅकला पुढे गरम ३६ मानवतं. तुमच्या गाडीचा आकडा शोधायला खडू पुरतो. टायरच्या सपाट भागावरून खांद्यावर आणि खाली साइडवॉलपर्यंत तीन ठिकाणी खडूची रेघ मारा, तीन फेऱ्या मारून या आणि बघा. रेघ खांद्याच्या अलीकडेच शाबूत असेल तर हवा जास्त आहे. साइडवॉलवरची रेघही पुसली असेल तर टायर मुडपतोय, हवा कमी पडते. खांदा संपतो तिथपर्यंत पुसली, तर जमलं. हवा एकदम सोडू नका, एक-दोन पीएसआय सोडून परत फेरी मारा.

खांद्यावरून आठवलं. रस्त्याच्या गाडीची पुढची चाकं जवळपास उभी असतात. वळणावर गाडी कलली की सगळा भार बाहेरच्या खांद्यावर येतो आणि आतली निम्मी रुंदी रिकामी राहते. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी वळणं जास्त आणि पुढच्या डाव्या टायरचा जीव जातो. अलाइनमेंटवाल्याकडून गाडी देईल तितका निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला, करून घेतला की हा भार आतल्या बाजूलाही वाटला जातो. दर दिवसानंतर डावे-उजवे टायर बदलले तर सेट बराच जास्त टिकतो. साइडवॉलवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर मात्र टायर रिमवरून उतरवून फिरवावा लागतो. म्हणून मी बाण नसलेली नक्षी घेतो.

आणि टायरच्या आधी ब्रेक ऑइल. हे मी प्रत्येकाला सांगतो. अकराशे किलोची गाडी ताशी १५०वरून ६०वर आणली की सुमारे ८०० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते, जवळजवळ अडीच लिटर पाणी उकळीला येईल इतकी. हे दर फेरीला तीन-चार वेळा. डॉट ४ ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पण पाणी शोषलेलं जुनं ऑइल १५५लाच उकळू शकतं, आणि मग पेडल जमिनीला टेकतं. टायर जितका चांगला, तितकं उशिरा आणि जोरात ब्रेक मारता येतं, म्हणजे ब्रेकवरचा भार वाढतोच. टायरचे पैसे कमी करून आधी ऑइल बदला.

सेशनची शेवटची फेरी हळू घ्या, ब्रेक कमीत कमी वापरा, टायरला वारा लागू द्या. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गरम ब्रेक तसाच जखडून बसतो. चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. मग चारही टायरवरून, आतल्या बाजूनेही, बोट फिरवा. डांबराचे चिकटलेले खडे निघतील, ते काळजीचं नाही. रबराखालच्या दोऱ्या दिसल्या, फुगा दिसला, तर दिवस तिथेच संपवा, घर साडेअकराशे किलोमीटर लांब आहे.

गरम टायरमधली हवा ३६ला आणून ठेवलेली असते. रात्री टायर गार झाल्यावर तिथे २९च उरते. मी पुण्याकडे निघायच्या आधी, टायर गार असताना, पहिल्याच पंपावर चारही चाकांत आणि स्टेपनीत हवा भरून ३२ करून घेतो.